बाग करारानं देऊ नका, आधी सासूबाईंना दाखवा

गुहागर तालुक्यातून एका ताईंचं सविस्तर पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी लिहिलं आहे. त्यांचा मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत आहे. शाळेत तपासणीला आलेल्या पथकातल्या डॉक्टरांना त्याच्या छातीत वेगळा आवाज ऐकू आला. पुढे जिल्हा रुग्णालयातल्या शिबिरात टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली आणि हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला होल असल्याचं निघालं. कागदावर ‘पुढील उपचारांसाठी मुंबईला न्यावे’ असा शेरा आहे. त्याच सुमारास ५२ वर्षांच्या सासूबाईंना दम लागायला लागला. चिपळूणच्या डॉक्टरांनी त्यांचा एक वॉल्व्ह आकसल्याचं सांगितलं आणि तेही मुंबईलाच जा म्हणाले. नालासोपाऱ्याचे दीर म्हणतात, ‘केईएम, सायन, जे.जे.कडे फिरकू नका, तिथे शिकाऊ पोरं हात साफ करून घेतात.’ त्यांनी एका खाजगी हॉस्पिटलचा आकडा आणला आहे. ताईंचे मिस्टर रिक्षा चालवतात. घरची हापूसची कलमं पाच वर्षांच्या करारानं देऊन पैसे उभे करायचे, असं घरात चाललं आहे. ताई विचारतात: शिकाऊ डॉक्टरांच्या हाती लेकरू द्यायचं का? दोघांचं हृदयाचंच दुखणं आहे, तर एकाच फेरीत दोघांना दाखवता येईल का? आणि ओळख नसेल तर आत कुणी विचारतं का?

प्रिय ताई,

पहिलं सांगते ते बागेचं. करारावर अजून सही झाली नसेल तर ती थांबवा. दोघांनाही ज्या उपचारांची गरज पडण्याची शक्यता आहे, ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. मुलासाठी तर त्याशिवाय आणखी एक वाट आहे. पाच वर्षांचं उत्पन्न हातचं घालवण्याआधी या दोन्ही वाटा चालून पाहायच्या. मी पालिकेच्या हॉस्पिटलात समाजसेवा विभागात काम केलं आहे. शेत गहाण टाकून, मंगळसूत्र मोडून शेवटी आमच्याच दारात आलेली माणसं मी पाहिली आहेत. आधी आली असती तर ते दागिने घरात राहिले असते. म्हणून आधी हेच लिहिते आहे.

आता दुसरं. तुमच्या पत्रात मुलाबद्दल दीड पान आहे आणि सासूबाईंबद्दल चार ओळी. पण त्या चार ओळींत तुम्ही लिहिलंय, ‘रात्री आडवं झालं की दम कोंडतो, उठून खिडकीशी बसतात.’ ताई, मला मुलापेक्षा या वाक्याची काळजी जास्त वाटते. वॉल्व्ह आकसला की रक्त मागे फुप्फुसात तुंबतं आणि माणसाला सपाट झोपवत नाही. जिथे हृदयाच्या माणसांचाच राबता असतो, तिथले डॉक्टर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतात: ‘किती उशा लागतात?’ तेव्हा मुंबईची पहिली फेरी सासूबाईंची, आणि ती याच आठवड्यात. मधल्या दिवसांत दम एकदम वाढला, खोकल्यातून रक्त पडलं, छातीत खूप धडधड सुरू झाली, तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळायला लागलं, तर मुंबईची वाट बघू नका. जवळच्या मोठ्या दवाखान्यात तडक न्या. आकसलेल्या वॉल्व्हच्या मागे रक्ताची गुठळी धरू शकते आणि ती मेंदूकडे जाऊ शकते, म्हणून हे सांगते.

मुलाचं तसं नाही. तो खेळतो, शाळेत पळतो, वजन वाढतंय, ओठ निळे पडत नाहीत, असं तुम्हीच लिहिलं आहे. वरच्या कप्प्यांमधलं होल बहुतेक वेळा असंच गपचूप असतं आणि तपासणीत योगायोगानं सापडतं. ते बंद करायची वेळ साधारण शाळेच्या कोवळ्या वयातच येते. काही आठवडे, दोन-तीन महिने पुढेमागे झाले म्हणून बिघडत नाही. मात्र ‘खेळतोय ना, मग राहू दे’ म्हणून वर्षांवर वर्षं घालवायची नाहीत. हृदयाच्या उजव्या बाजूवर भार पडत राहतो आणि मोठेपणी फुप्फुसाचा दाब चढतो, ठोके बिघडतात. होल कुठे आहे, केवढं आहे, त्याच्या कडा धरायला पुरेशा आहेत का, यावर पुढचं ठरतं. कडा चांगल्या असतील तर जांघेतल्या नसेतून नळी घालून बटणासारखं झाकण बसवता येतं, छाती उघडावी लागत नाही. नसतील तर ऑपरेशन. हा निर्णय लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टरच घेऊ शकतात, कारण त्यासाठी परत नीट इको लागतो. शिबिरातल्या इकोवर अडून बसू नका.

आणि ते ग्रहणाचं. गरोदरपणी ग्रहणात तुम्ही विळी हातात घेतलीत म्हणून पोराला हे झालं, असं घरात बोललं जातंय आणि तुम्ही ते मनाला लावून घेतलंय. बाळाच्या हृदयाची घडण पोटात पहिल्या दोन महिन्यांतच पुरी होते. कित्येक बायकांना तोवर दिवस गेलेत हेसुद्धा नीट कळलेलं नसतं. विळीचा, ग्रहणाचा, तुमचा यात काडीचा संबंध नाही. तसाच सासूबाईंच्या आणि नातवाच्या दुखण्याचाही एकमेकांशी संबंध नाही. सासूबाईंच्या वयाच्या बायकांमध्ये वॉल्व्ह आकसतो तो बहुतेकदा लहानपणीच्या तापामुळे. घसा धरतो, ताप येतो, सांधे सुजतात. घरचे काढा देतात, ताप उतरतो, सगळे विसरून जातात आणि वॉल्व्ह आतून खराब होत राहतो. त्यांना एकदा विचारून बघा, लहानपणी गुडघे, घोटे सुजून अंथरुणाला खिळल्याचं आठवतंय का. आठवत असेल तर ते मुंबईच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता दिरांच्या ‘शिकाऊ पोरां’कडे येते. ही भीती मी हजारदा ऐकली आहे आणि ती मनापासूनची असते, म्हणून नीट उत्तर देते. शिकवणाऱ्या हॉस्पिटलात पांढरा कोट घातलेली सगळी माणसं सारखी नसतात. गळ्यात स्टेथोस्कोप नवा कोरा, हातात वही, घोळक्यानं फिरणारे ते एमबीबीएसचे विद्यार्थी. ते तपासून बघतात, प्रश्न विचारतात, उपचार करत नाहीत. त्यांच्यावर इंटर्न. त्यांच्यावर निवासी डॉक्टर, ज्यांतल्या नव्यांना हाऊसमन म्हणतात, जुन्यांना रजिस्ट्रार. हे डॉक्टर झालेलेच असतात, आता एखाद्या विषयात पुढे शिकत असतात. आणि हृदयविभागात तर आणखी एक पायरी आहे. तिथला ‘शिकाऊ’ म्हणजे साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, त्यावर तीन वर्षांचं एमडी करून, मग फक्त हृदय शिकायला आणखी तीन वर्षांच्या डीएमला आलेला डॉक्टर. खाजगीत गेला तर आजच त्याच्या नावाची पाटी लागेल. त्याच्याही वर लेक्चरर, असोसिएट प्रोफेसर, प्रोफेसर. नळी घालायची, झाकण बसवायचं, छाती उघडायची, ही कामं त्या वरच्या मंडळींच्या हातची किंवा त्यांच्या डोळ्यांदेखतची असतात.

याचा रुग्णाला काय फायदा होतो, ते राऊंडला कळतं. सकाळी हाऊसमन तुमच्या सासूबाईंची सगळी कथा लिहून काढेल, रजिस्ट्रार ती तपासेल, मग सर किंवा मॅडम येतील आणि सगळ्यांसमोर हाऊसमनला विचारतील, ‘हे औषध का? किडनीचा रिपोर्ट पाहिलास का? इको कुणी केला, परत कर.’ मी वॉर्डात उभी असताना असा प्रश्न कितीदा तरी ऐकला आहे आणि कितीदा तरी त्या प्रश्नामुळे सुटलेली गोष्ट हाती लागली आहे. विद्यार्थ्याला समजावून सांगताना गुरूला स्वतःचं म्हणणं सिद्ध करावं लागतं. एकट्या डॉक्टरच्या बंद केबिनमध्ये हे होत नाही. शिवाय संख्या. महिन्याकाठी जितके आकसलेले वॉल्व्ह या मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या हॉस्पिटलांत येतात, तितके कुठल्याही छोट्या खाजगी ठिकाणी येत नाहीत, कारण हा गरिबाघरचा आजार आहे. सासूबाईंचा वॉल्व्ह फार कडक झाला नसेल आणि आत गुठळी नसेल तर नळीतून फुगा नेऊन तो उघडता येतो. त्या कामाला हात बसलेला लागतो, आणि हात बसतो तो अशा ठिकाणीच.

केईएम १९२६ साली सुरू झालं. त्याच्या मेडिकल कॉलेजला देणगी देताना गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी अट घातली होती, की शिकवणारे सगळे भारतीय असतील. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली देशी डॉक्टरला वर जागा मिळत नसे, अशा काळातली ही गोष्ट. पुढे १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी देशातलं पहिलं हृदय-प्रत्यारोपण इथेच केलं. तो रुग्ण फार वेळ जगला नाही, पण त्या काळी जगात मोजक्याच जागी हे करून पाहण्याची तयारी होती. सायनला १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी निघाली, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं. अपुऱ्या दिवसांच्या किती बाळांना परक्या आईच्या दुधानं जगवलं असेल तिनं. दिरांना हे जरूर वाचून दाखवा. मला या जागांचा अभिमान आहे आणि तो लपवायचं मला काही कारण वाटत नाही.

पण मी तुम्हाला सगळं गोड सांगणार नाही. त्रास होणार आहे. सकाळी केस पेपरची खिडकी उघडायच्या आधीच रांग लागलेली असते. तुम्हाला वाटेल, थेट हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊ, पण बहुतेक ठिकाणी सासूबाईंना आधी मेडिसिनच्या ओपीडीत बघतात आणि मग कार्डिओलॉजीला पाठवतात. चिपळूणच्या डॉक्टरांची चिठ्ठी हातात असली तर हा टप्पा लवकर सरकतो. पहिल्या दिवशी इको झाला तर नशीब, नाहीतर तारीख मिळते. तारीख मिळणं म्हणजे हाकलून देणं नव्हे, एवढं लक्षात ठेवा. आणि रात्री झोपवत नाही, हे वाक्य तिथे पहिल्याच डॉक्टरला पहिल्याच दमात सांगा. ‘दम लागतो’ एवढंच सांगणारे शंभर जण रांगेत असतात. ‘आडवं झालं की दम लागतो’ म्हटलं की लिहिणारा हात थांबतो आणि मान वर होते.

या सगळ्या गर्दीत तुमचा डॉक्टर कोण? इथे लोक चुकतात. ते एका चेहऱ्याला धरून बसतात. ‘ते चष्मेवाले डॉक्टर कुठे आहेत?’ चष्मेवाल्या डॉक्टरांची दुसऱ्या वॉर्डात बदली झालेली असते, कारण निवासी डॉक्टर फिरतेच असतात. मग माणूस कावराबावरा होतो, चिडतो, दुसऱ्या हॉस्पिटलात जातो आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ताई, शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तुमचा डॉक्टर म्हणजे युनिट, डॉक्टरांचा एक ठरलेला गट. प्रत्येक युनिटचा एक प्रमुख असतो आणि ओपीडीचे ठरलेले वार असतात. सासूबाई ज्या युनिटच्या पेशंट झाल्या, त्याच युनिटच्या वारी जायचं. भलत्या वारी गेलात तर दुसरं युनिट बसलेलं असतं, त्यांना काहीच ठाऊक नसतं, ते तपासून ‘तुमच्या युनिटला दाखवा’ म्हणतात आणि कोकणातून केलेली फेरी फुकट जाते. केस पेपरच्या कोपऱ्यात युनिट लिहिलेलं असतं. ते शोधा, कळलं नाही तर सिस्टरना विचारा, आणि फाइलच्या वर जाड अक्षरात लिहा: हॉस्पिटल, विभाग, युनिट, वार. माणसं बदलतील, ही ओळ बदलणार नाही.

माणसं बदलतात म्हणूनच फाइल नीट हवी. बटणाची प्लास्टिकची फाइल घ्या, प्रत्येकाची वेगळी. सगळ्यात जुना कागद तळाशी, नवा वर. मूळ रिपोर्ट कुणाच्याही हातात सोडायचा नाही, झेरॉक्स द्यायची. चालू गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सोबत ठेवा, कारण ‘ती पांढरी छोटी गोळी’ यावरून कुणालाच काही कळत नाही. राऊंडला सगळं इंग्रजीत बोललं जाईल आणि ते तुमच्या अंगावरून जाईल. तेव्हा मध्ये बोलू नका. राऊंड संपला, की दुपारी हाऊसमन कागद लिहीत बसलेला असतो, तेव्हा गाठा. विचारा: काय निघालं, आता काय करणार, आणि आम्ही काय करायचं? तो परप्रांतातला असेल, मराठी कच्चं असेल, तर वॉर्डातल्या सिस्टर, मामा, मावशी सांगून देतात. मोठ्या आवाजात कुणी बोललं तर मनाला लावून घेऊ नका, पण उत्तर घेतल्याशिवाय हलूही नका.

मुलाला घेऊन जाल तेव्हा विद्यार्थ्यांचा घोळका त्याच्याही भोवती जमेल. या होलचा आवाज फार हलका असतो आणि तो ओळखायला कान तयार व्हावा लागतो. पाच-सहा जणांनी थंड स्टेथोस्कोप लावला की पोर कंटाळतं, रडतं. तुम्ही ‘आता पुरे’ म्हणू शकता, तो तुमचा हक्क आहे आणि त्यामुळे उपचारात काही कमी पडत नाही. मात्र त्याचा मूड बरा असेल तर ऐकू द्या, असं माझं मत आहे. तुमच्या लेकाचं दुखणं शाळेत पकडलं गेलं, कारण कुणाचा तरी कान आधी कुठल्या तरी लेकरावर तयार झाला होता.

मुलाचा रस्ता सासूबाईंपेक्षा वेगळा आहे. शाळेतली तपासणी झाली ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेपर्यंतची सोय त्यातून होऊ शकते. म्हणून मुलाला घेऊन थेट मुंबई गाठू नका. आधी रत्नागिरीला जिल्हा रुग्णालयात या कार्यक्रमाचं कार्यालय गाठा, इकोचा कागद दाखवा आणि पुढच्या हॉस्पिटलचं पत्र मागा. ते हॉस्पिटल पालिकेचं असेल, सरकारी असेल किंवा ट्रस्टचं असेल. परळला केईएमच्या शेजारीच वाडिया आहे, १९२९ पासून फक्त मुलांचं. मुलांचं वेगळं का, असं तुम्ही विचारलंय. औषध किलोवर मोजून द्यावं लागतं. भूल देणारा डॉक्टर मुलांना भूल देण्यात तयार लागतो. नळ्या, सुया, मोजमापाचे पट्टे सगळे त्या अंगाचे लागतात. इकोच्या टेबलावर सहा वर्षांचं पोर स्वस्थ झोपत नाही, कधी गुंगीचं औषध द्यावं लागतं, म्हणून उपाशी आणायला सांगितलं तर बिस्किटसुद्धा देऊ नका.

मुलांचा विभाग कितव्या वर्षापर्यंत बघतो, ही रेघ हॉस्पिटलागणिक वेगळी आहे. कुठे बारा, कुठे अठरा. आज तुम्हाला त्याचं काही नाही, पण एक सांगून ठेवते. आमच्याकडे एकदा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आला होता. छातीच्या मधोमध जुना व्रण, ठोके बिघडलेले. लहानपणी ऑपरेशन झालं एवढंच त्याला माहीत होतं. कुठे, कसलं, आत काय बसवलंय, काही नाही. आईला सगळं पाठ होतं, आणि आई दोन पावसाळ्यांपूर्वी गेली होती. कागद पुरात वाहून गेले होते. डॉक्टरांनी नव्यानं सगळ्या तपासण्या केल्या, त्यात दिवस गेले. तुमच्या लेकाला झाकण बसवलं तर त्याचं एक कार्ड मिळेल. त्याचा फोटो काढून मिस्टरांच्या, दिरांच्या, तुमच्या, सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा आणि तो दहा-बारा वर्षांचा झाला की त्याचं दुखणं त्याच्याच तोंडून म्हणवून घ्या. मुलांच्या विभागातून मोठ्यांच्या विभागात जाताना पोरं गळतात ती इथेच.

आता दोघांना एकाच फेरीत दाखवण्याचं. नको. दोघांच्या ओपीडी वेगळ्या, कदाचित हॉस्पिटलंही वेगळी, पण खरं कारण निराळंच आहे. सासूबाईंना दाखल करून घेतलं तर बायकांच्या वॉर्डात रात्री सोबत बाईच लागते. मुलाला दाखल केलं तर त्याच्याजवळ आई लागते. तुम्ही एकट्या. दोघं एकदम दाखल झाले तर तुमच्या जिवाची नुसती ओढाताण होईल. सासूबाईंच्या फेरीला नणंदेला किंवा जाऊबाईंना सोबत घ्या आणि तुम्ही मुलाजवळ घरी राहा. त्या घरी परतल्या की मुलाची फेरी. तुतारी एक्स्प्रेसनं पहाटे दादरला उतरत असाल तर तिथूनच टॅक्सीनं परळला जा. नालासोपाऱ्याला जाऊन सकाळच्या लोकलनं परत येण्याचा घाट घालू नका. दम लागणाऱ्या माणसाला पुलाचे जिने चढायला लावू नका. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा लोक सुचवतील, पण तिथे मुख्यतः टाटाच्या कॅन्सर रुग्णांची सोय असते, तिच्या भरवशावर निघू नका. राहायला दिरांचं घर आहे, हे तुमचं मोठं बळ आहे.

पैशांचं नीट वाचा. फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. हॉस्पिटलात या योजनेचा कक्ष असतो, तिथल्या माणसाला आरोग्यमित्र म्हणतात. रेशनकार्ड आणि आधार कार्ड मूळ घेऊन जा. मुलाचं नाव रेशनकार्डावर चढलंय का, ते आजच बघा. नसेल तर जन्मदाखला सोबत घ्या आणि नाव चढवायला अर्ज टाका. दाखल झाल्या झाल्या, उपचार सुरू होण्याआधी आरोग्यमित्राला भेटायचं, कारण मंजुरी आधी लागते. सगळं झाल्यावर बिल घेऊन गेलात तर तो काही करू शकत नाही. योजनेत न बसणारं काही बाहेरून आणायला सांगितलं, तर दुकानात धावण्याआधी समाजसेवा विभागाचं दार ठोठवा. तिथून मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायक ट्रस्ट, इतर धर्मादाय संस्था यांचे अर्ज भरून मिळतात. डॉक्टरांचं खर्चाचं पत्र आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखला गावी असतानाच काढून ठेवा.

दिरांनी सांगितलेल्या खाजगी हॉस्पिटलबद्दल एक चौकशी करा: ते ट्रस्टचं आहे का? असेल तर कायद्यानं त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर पहिल्या गटात, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुसऱ्या. हे ते आपणहून सांगतीलच असं नाही, मागावं लागतं. केईएमला फुग्याची तारीख फार लांबची मिळाली आणि डॉक्टर ‘थांबू नका’ म्हणाले, तर हा दरवाजा वापरा. तेव्हाही आकडा आधी लेखी घ्या.

ओळखीचं विचारलंत. ओळख लागत नाही. कागद लागतात आणि चिकाटी लागते. ‘लवकर नंबर लावून देतो, आतला माणूस आहे’ म्हणणारा कुणी खिडकीपाशी भेटला तर त्याला एक रुपया देऊ नका, तुमचा केस पेपरही त्याच्या हातात देऊ नका. आतला माणूस असा बाहेर उभा राहत नाही.

पुढच्या तपासण्यांसाठी प्रत्येक वेळी मुंबईच लागेल असं नाही. चिपळूण तालुक्यात डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, तिथे वैद्यकीय महाविद्यालयही आहे. रत्नागिरीलाही आता सरकारी महाविद्यालय सुरू झालं आहे. मुंबईचं युनिट सोडताना त्यांनाच विचारा: मधल्या तपासण्या, रक्त पातळ करायचं औषध दिलं तर त्याची रक्तचाचणी, हे जवळपास केलं तर चालेल का, आणि तसं डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा.

दिरांशी भांडू नका. त्यांचा जीव पुतण्यात आणि आईत अडकलाय, म्हणूनच ते आकडा घेऊन आले. त्यांना एक काम सांगा. सुट्टीच्या दिवशी नको, ओपीडी चालू असलेल्या एखाद्या सकाळी त्यांनी परळला जावं. चिपळूणच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स जवळ ठेवून मेडिसिनच्या आणि कार्डिओलॉजीच्या ओपीडीचे वार, खिडकीची वेळ आणि योजनेच्या कक्षाची जागा लिहून आणावी. तुमची एक फेरी वाचेल, आणि शिकाऊ पोरं काय करतात तेही त्यांना डोळ्यांनी बघायला मिळेल. त्यांचा फोन आला की मगच सासूबाईंचं तिकीट काढा. फक्त हे सगळं दोन-तीन दिवसांत व्हायला हवं.